डिस्टॉर्शनच्या आधी एक फिल्टर, नंतर एक

इलेक्ट्रिक गिटार थेट ऑडिओ इंटरफेसमधून (गिटार कॉम्प्युटरला जोडणारं यंत्र) रेकॉर्ड करून डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम खरखरीत करणारा इफेक्ट) लावलं, तर आवाज माशा घोंघावल्यासारखा. खालच्या सुरांच्या जाड तारांवर कॉर्ड वाजवली की नुसता चिखल. आधी मी डिस्टॉर्शननंतर बेस कापत बसलो. आवाज पोकळ झाला, चिखल तसाच. डिस्टॉर्शन सिग्नलची टोकं छाटतं; या क्लिपिंगमध्ये सूर एकमेकांत मिसळून नव्या फ्रिक्वेन्सी तयार होतात, त्या मागाहून वेगळ्या काढता येत नाहीत. म्हणून हाय-पास फिल्टर, म्हणजे ठरावीक फ्रिक्वेन्सीखालचा आवाज कापणारा, डिस्टॉर्शनच्या आधी टाकला, १२० हर्ट्झवर. प्रत्येक स्ट्रोक सुटा ऐकू यायला लागला, काय बरं वाटलं! शेवटी लो-पास, म्हणजे वरचा आवाज कापणारा फिल्टर, ५ किलोहर्ट्झच्या आसपास. गिटार अ‍ॅम्पचा स्पीकरही साधारण तिथूनच वरचा आवाज गिळतो, आणि मी कॅबिनेट सिम्युलेशन (त्या स्पीकरची नक्कल करणारा इफेक्ट) लावलंच नव्हतं. घोंघाट गेला. कापलेला बेस नंतर थोडा वाढवून घेतला.