मृगाआधी हिरवळीची तयारी

शेतकरी हरळी खणून खणून दमतो आणि आपण तीच पैसे घालून वाढवतो. गोल्फ कोर्सवर हरळी सोडून उगवेल ते तण. खारघरच्या डोंगरपायथ्याला पाऊस बसला की ते आठवड्याभरात डोकं काढतं, म्हणून ही कामं मे महिन्यातच उरकायची.

आधी मशीनच्या पात्यांना धार लावून घ्या. बोथट पातं गवत कापत नाही, फाडतं. शेंडे पांढरट पडतात आणि आपण रोग समजून औषध मारत बसतो. चर मोकळे करा. फेअरवेवर, म्हणजे खेळाच्या लांब पट्ट्यावर, पेंडीमेथॅलिन हे तणनाशक मारायचं तर तणाचं बी रुजण्याआधी, वरून हलकं पाणी देऊन. धो धो पावसाच्या तोंडावर मारलेलं थेट नाल्यात जातं. ग्रीनवर, म्हणजे चेंडूच्या भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, ते अजिबात नको, मुळं आखडतात.

लव्हाळ्याचं प्रकरण वेगळं. महापुरात तो का वाचतो, ते खणल्यावर कळतं. काडी बोटांत फिरवून बघा. तीन कडा लागल्या तर ते गवतच नव्हे. उपटलात तर पाती हातात येते, गाठी जमिनीतच राहतात आणि पुन्हा फुटतात. कोवळा असतानाच खुरप्याने गाठीसकट काढा. हॅलोसल्फ्युरॉन या तणनाशकावर जायचंच असेल तर लेबल नीट वाचून, आधी एका कोपऱ्यात हातभर जागेवर.

पिवळं दिसलं की युरियाचं पोतं फोडू नका. जुनी पानं आधी पिवळी पडली तर नत्र कमी. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, तर लोह. फेरस सल्फेटचा पातळ फवारा पुरतो, फक्त काँक्रीटवर सांडू देऊ नका, तांबडे डाग हटत नाहीत. पहाटे दवात कोळ्याच्या जाळ्यासारखं पांढरं दिसलं तर बुरशीचा संशय घ्या. ऊन चढल्यावर ते दिसत नाही, तेव्हा फेरी उजाडताच मारा. गवत गालिच्यासारखं उचलून येत असेल तर खाली हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, शोधा. लष्करी अळीची शंका असेल तर बादलीभर पाण्यात भांड्यांचा साबण कालवून ओता, काही मिनिटांत अळ्या वर येतात.

भाद्रपदात कोणीतरी दूर्वा, म्हणजे हीच हरळी, खुडायला येणारच. कुठल्या पट्ट्यावर कधी काय मारलं, त्याची वही ऑफिसच्या कपाटात नको, गेटवरच्या वॉचमनकडे ठेवा.