काळ्या पडद्यावर अडलेला लिनक्स संगणक कमांड लाइनवर सुरू करणे
कोकण किनाऱ्यावर पावसाळ्यात वीज वारंवार जाते. अशा वेळी अचानक बंद पडलेला लिनक्स संगणक नंतर डेस्कटॉपऐवजी नुसता काळा पडदा दाखवू लागला, तर घाईने सर्व पुन्हा इन्स्टॉल करू नये. संगणक सुरू होताच एस्केप किंवा, जुन्या बायोसच्या (संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रणालीच्या) यंत्रावर, शिफ्ट दाबून ग्रबचा, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामचा, मेन्यू आणावा, ‘ई’ दाबावे, ‘लिनक्स’ या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या अगदी शेवटी एक जागा सोडून 3 हा अंक लिहावा आणि कंट्रोल-एक्स दाबावे. मग डेस्कटॉपऐवजी कमांड लाइनवर लॉगिन येते. हा बदल त्या एका बूटपुरताच, म्हणजे एकदा सुरू होण्यापुरताच, टिकतो. लॉगिन करताना पासवर्ड पडद्यावर उमटत नाही. आधी ‘डीएफ’ (df) या कमांडने डिस्क भरली आहे का ते पाहावे, मग नोंदी दाखवणाऱ्या ‘जर्नलसीटीएल’ या कमांडला ‘बी’ हा पर्याय जोडून (journalctl -b) त्रुटी शांतपणे वाचाव्यात.