अमेरिकेत दुसऱ्या स्टेटमधे गन पाठवायचीये? आधी हे वाचा

अमेरिकेत गन घेणं म्हणजे भाजी घेण्याइतकं सोपं असा आपल्याकडे एक समज आहे, तो कितपत खरा ते सोडा, पण घेतलेली गन एका स्टेटमधून दुसऱ्या स्टेटमधे पाठवायची वेळ आली की नाकी नऊ येतात हे मी स्वतः अनुभवलंय. मी ओहायोत राहतो, टेक्ससमधल्या एका मित्राला माझी जुनी बोल्ट ॲक्शन रायफल विकायची ठरली. माझ्या डोक्यात साधा हिशोब, खोका आणायचा, टेप मारायची, त्याच्या घरचा पत्ता टाकायचा, झालं. नशीब की आधी चार लोकांना विचारलं, कारण तसं केलं असतं तर तो सरळ सरळ फेडरल गुन्हा होता.

मूळ नियम १९६८ च्या गन कंट्रोल ॲक्टमधला आहे. ज्याच्याकडे लायसन्स नाही असा माणूस दुसऱ्या स्टेटमधल्या लायसन्स नसलेल्या माणसाला गन देऊ शकत नाही. विकत नाही, फुकट नाही, वाढदिवसाची भेट म्हणून पण नाही, सख्खा भाऊ असला तरी नाही. गन जाते ती समोरच्याच्या स्टेटमधल्या लायसन्सवाल्या डीलरकडे, म्हणजे ज्याला सगळे एफएफएल म्हणतात त्याच्याकडे, आणि मग तो माणूस तिथे जाऊन, फॉर्म भरून, बॅकग्राउंड चेक होऊन ती घेतो. मृत्युपत्राने किंवा वारसाहक्काने आलेली गन फेडरल कायद्यात याला अपवाद आहे, पण तिथेही स्टेटचा कायदा वेगळा असू शकतो.

एक गोष्ट आपल्या लोकांसाठी आधीच सांगतो कारण इंग्रजी माहितीत ती तळाशी कुठेतरी असते. एचवन-बी, एफवन असल्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर असाल तर मुळात गन किंवा गोळ्या जवळ ठेवायलाच बंदी आहे, काही ठरावीक अपवाद सोडून, त्यातला नेहमीचा म्हणजे चालू हंटिंग लायसन्स. ग्रीनकार्डवाल्यांना ही अडचण नाही. तेव्हा मित्राला पाठवताय तर तो कुठल्या स्टेटसवर आहे ते आधी विचारा, लाजू नका.

आता डीलर शोधणं. हे काम ज्याला गन मिळणार आहे त्याने करायचं, कारण जायचंय त्याला. त्याने जवळच्या दुकानात फोन करून दोन प्रश्न विचारायचे: ट्रान्सफरची फी किती, आणि लायसन्स नसलेल्या माणसाकडून थेट आलेलं पार्सल घेता का. दुसरा प्रश्न विसरू नका हं, कारण बरेच डीलर फक्त दुसऱ्या डीलरकडूनच माल घेतात, कायद्याने घेता येत असला तरी, त्यांची मर्जी. मग डीलर आपल्या लायसन्सची कॉपी पाठवतो, ती एटीएफच्या (बंदुकांचं बघणारं फेडरल खातं) वेबसाइटवर ईझी चेक नावाचं पान आहे तिथे तपासायची, लायसन्स नंबरातले पहिले तीन आणि शेवटचे पाच आकडे टाकले की नाव-पत्ता येतो. पार्सल त्याच पत्त्यावर पाठवायचं, "माझ्या घरी पाठव ना" असं कुणी म्हणालं तर तिथेच थांबायचं.

पाठवायचं कसं, खरी गंमत इथे आहे. कायदा एक सांगतो आणि कुरियरवाले त्याहून कडक. यूपीएस आणि फेडएक्स दोघंही आता फक्त लायसन्सवाल्यांकडून आणि तेही त्यांच्याशी ॲग्रीमेंट केलेल्यांकडूनच गन घेतात, त्यामुळे जुन्या पोस्टी वाचून "यूपीएसच्या काउंटरवर दे" असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. राहिलं पोस्ट. रायफल आणि शॉटगन आपल्यासारखा साधा माणूस यूएसपीएसने दुसऱ्या स्टेटमधल्या डीलरला पाठवू शकतो, ट्रॅकिंग आणि डिलिव्हरीला सही हवी. हॅन्डगनचं मात्र वेगळं आहे, १९२७ च्या कायद्याने ती पोस्टाने पाठवायला साध्या माणसाला बंदी घातली, डीलर-डीलरमधे चालते. त्या कायद्यावरून वाद झालेत, पण कुणी काहीही म्हणो, ज्या दिवशी पाठवताय त्या दिवशी पोस्टाचं पब्लिकेशन ५२, म्हणजे असल्या वस्तूंच्या नियमांचं पुस्तक, उघडून बघा. हॅन्डगन असेल तर मी तरी डोकं न लावता आपल्या गावातल्या डीलरकडे नेऊन देईन, तो त्याच्या अकाउंटवरून समोरच्या डीलरला पाठवतो, फी आणि शिपिंग घेतो, विषय संपला. फक्त लक्षात ठेवा, त्याच्या बाउंड बुकात, म्हणजे आलेल्या-गेलेल्या गनच्या नोंदवहीत, गन एकदा चढली आणि मग तुमचं मन बदललं तर स्वतःचीच गन परत घ्यायला तुम्हालाही फॉर्म आणि चेक आहे.

पॅकिंग. सगळ्यात आधी रिकामी आहे का बघा, मग परत बघा, चेंबरमधे करंगळी घालून बघा. मी बोल्ट काढून वेगळा बबल रॅपमधे गुंडाळला, नळीच्या तोंडाला जाड फोम बांधला कारण तेच टोक पुठ्ठा फोडून बाहेर येतं, रायफल हार्ड केसमधे आणि ती केस साध्या तपकिरी खोक्यात. खोक्यावर गन, आर्म्स, कंपनीचा लोगो असलं काही म्हणजे काही नको, बाहेरून आत काय आहे ते कळता कामा नये. पण पोस्टातल्या माणसाने विचारलं तर खोटं बोलायचं नाही, रायफल आहे, डीलरला चाललीय म्हणायचं. पॅक करायच्या आधी सीरियल नंबरचा फोटो काढा, विमा काढा. गोळ्या त्या खोक्यात अजिबात नकोत, एकही नको. यूएसपीएसने गोळ्या पाठवायला मुळातच बंदी आहे.

आणि आत एक कागद टाकायचा, हा मी विसरलो. तुमच्या ड्रायव्हिंग लायसन्सची कॉपी, तुमचा फोन, आणि ही गन कुणासाठी आहे त्याचं नाव. डीलरला आलेली प्रत्येक गन कुणाकडून आली ते नाव-पत्त्यासकट पुस्तकात लिहावं लागतं. माझं पार्सल पोचलं, ट्रॅकिंगवर डिलिव्हर्ड दिसलं, मी खूश, आणि दोन दिवसांनी मित्राचा फोन की दुकानदार म्हणतोय तुझ्या नावाचं काहीच आलेलं नाही. आलं होतं, मागच्या खोलीत पडलं होतं, कुणाचं ते कळेना म्हणून. मग मी आयडीचा फोटो ईमेल केला तेव्हा गाडी पुढे सरकली.

पुढचा गोंधळ त्याचा. दुकानात ४४७३ नावाचा फॉर्म भरायचा असतो, त्यावर जो पत्ता तोच आयडीवर हवा. ह्याने नुकतंच घर बदललेलं, ड्रायव्हिंग लायसन्सवर जुना पत्ता. काउंटरवरची बाई फॉर्म आणि लायसन्स शेजारी शेजारी ठेवून एक-एक ओळ बोटाने वाचत होती म्हणे, आणि पत्त्यावर येऊन बोट थांबलं. पण सरकारी कागद दोन मिळून चालतात, म्हणून तो पार्किंगमधे पळत गेला आणि नव्या पत्त्याचं गाडीचं रजिस्ट्रेशन घेऊन आला. मग निक्स चेक, म्हणजे तोच बॅकग्राउंड चेक, १९९८ पासून एफबीआयची ही सिस्टिम चालू आहे, बहुतेकांना काही मिनिटात प्रोसीड, म्हणजे गन द्यायला हरकत नाही, असं येतं. डिले आलं तर फेडरल नियमाने तीन कामाचे दिवस थांबायचं, वय २१ च्या आत असेल तर हे दहा कामाच्या दिवसांपर्यंत लांबू शकतं. डीलरकडून रायफल-शॉटगन घ्यायला वय १८, हॅन्डगनला २१.

काही वेळा डीलरची ही कसरत लागत नाही. गन बिघडली आणि कंपनीला किंवा लायसन्सवाल्या गनस्मिथला रिपेअरला पाठवली तर ती परत थेट तुमच्या घरी येऊ शकते, फॉर्म नाही. कंपनीला आधी फोन करा, बऱ्याचदा त्या स्वतःच लेबल पाठवतात. तसंच दुसऱ्या स्टेटमधे शिकारीला जाताना स्वतःच्याच नावाने, तिथल्या कुणाच्या केअर ऑफ पत्त्यावर रायफल पाठवता येते, पण खोका तुम्हीच उघडायचा, त्याने नाही. विमानाने जात असाल तर त्याहून सोपं, रिकामी करून, कुलूपबंद हार्ड केसमधे, काउंटरवर सांगून चेक-इन बॅगेज. आणि १८९८ किंवा त्याआधी बनलेली अँटिक असेल तर हा कायदा तिला फायरआर्म मानतच नाही, स्टेटचं मात्र वेगळं बघावं लागतं.

भाग पाठवताना लोक उगाच घाबरतात. एआर-१५ रायफलीत सीरियल नंबर असलेला लोअर रिसीव्हर, म्हणजे ट्रिगर बसतो तो खालचा सांगाडा, हीच कायद्याने गन, तो डीलरकडेच. स्टॉक, स्कोप वगैरे फेडरल कायद्याने सरळ घरी येऊ शकतात. सायलेन्सर आणि आखूड नळीच्या रायफली मात्र १९३४ च्या एनएफए म्हणजे नॅशनल फायरआर्म्स ॲक्टखाली येतात, तिथे वरचं काहीही लावू नका, ते प्रकरणच वेगळं आहे.

शेवटी समोरचं स्टेट. कॅलिफोर्नियात पाठवत असेल तर पाठवणाऱ्या डीलरला आधी तिथल्या न्याय खात्याकडून त्या पार्सलसाठी नंबर घ्यावा लागतो, वर दहा दिवसांची वाट, आणि दहापेक्षा जास्त गोळ्यांचं मॅगझीन चालत नाही. न्यू जर्सीतही मर्यादा दहाचीच. माझ्या रायफलला हे काही लागू नव्हतं, तरी मित्राच्या दुकानदाराला मी आधी फोनवर मॉडेल सांगून विचारलं होतं, तो हसला आणि म्हणाला टेक्सस आहे बाबा, पाठव.