घरच्या टाकीतल्या दगडी प्रवाळाची वाढ कशी मोजावी

अॅक्रोपोरा या फांद्यांच्या दगडी प्रवाळाचा तुकडा खाऱ्या पाण्याच्या टाकीत नवीन लावला की पहिले काही आठवडे, कधीकधी दोन-तीन महिनेसुद्धा, त्याची उंची जराही वाढत नाही. नेमका याच काळात लोकांचा धीर सुटतो. कोणी लाइट वाढवतं, कोणी पाण्यात घालायच्या रसायनांचा डोस वाढवतं, कोणी तुकड्याची जागाच बदलतं. तुकडा मात्र वाढतच असतो, फक्त आडवा. आधी तो प्लगवर (ज्यावर तुकडा चिकटवतात त्या सिरॅमिकच्या छोट्या बैठकीवर) पातळ थर पसरवून बूड पक्कं करतो आणि मग फांद्या काढतो. नुसती पट्टी लावणाऱ्याच्या वहीत तोवर शून्यच पडत राहतं.

म्हणून वाढ तीन प्रकारे मोजावी: लांबी, वजन आणि टाकीतल्या अल्कलिनिटीचा (पाण्यातल्या बायकार्बोनेट-कार्बोनेटच्या मापाचा) रोजचा खप. वेळ कमी असेल आणि एकच जमणार असेल तर तिसरं करा.

किती वाढीची अपेक्षा ठेवावी

प्रवाळ कोणतं आहे यावर जवळजवळ सगळं ठरतं. समुद्रात फांद्यांचा अॅक्रोपोरा वर्षाला साधारण ५ ते १० सेंटीमीटर वाढतो, काही जाती त्याहून जास्त. पोरायटीस हे गोलसर प्रवाळ वर्षाला जेमतेम एक सेंटीमीटर फुगतं. हा आकडा भरवशाचा आहे, कारण या प्रवाळांच्या सांगाड्यात वर्षागणिक पट्टे पडतात. पट्टे वार्षिकच असतात हे १९७२ मध्ये पॅसिफिक महासागरातल्या एनिवेटोक बेटावरच्या प्रवाळांचे एक्स-रे काढून पक्कं झालं. तिथल्या अणुचाचण्यांचे किरणोत्सारी अंश सांगाड्यात अडकले होते आणि चाचण्यांच्या तारखा माहीत होत्या, त्यामुळे ताळा जुळवता आला.

घरच्या टाकीत मोंटिपोरा, पोसिलोपोरा, स्टायलोफोरा ही पटपट वाढणारी मंडळी. ब्रेन कोरलला महिन्याच्या मापात पकडायला जाऊ नका, सहा महिन्यांनी बघा. युफिलियासारख्या फांदीवाल्या एलपीएसमध्ये (मोठ्या पॉलिपच्या दगडी प्रवाळांत) लांबीपेक्षा तोंडं मोजणं सोपं: एकाची दोन कधी झाली, दोनाची चार कधी.

पायरी १: फोटो आणि लांबी

फोनसाठी ठरलेली जागा करा, स्टँड असेल तर उत्तम. कॅमेरा काचेच्या अगदी समोर, काटकोनात धरा. तिरक्या काचेतून आकार बिघडतो. पंप बंद, पॉलिप (प्रवाळाचे छोटे जीव) मिटलेले, लाइटची सेटिंग दर वेळी तीच. प्लास्टिकची छोटी पट्टी प्रवाळाच्या शेजारी, तितक्याच अंतरावर, पाण्यात उभी करा. बाहेरून काचेवर चिकटवलेल्या पट्टीचा उपयोग नाही, कारण पाण्यातली वस्तू जवळ आणि मोठी दिसते आणि माप फसतं.

फांद्यांच्या प्रवाळात दोन-तीन ठरावीक फांद्या निवडून त्यांचीच लांबी घेत जा. अॅक्रोपोराच्या वाढत्या टोकाला एक मोठा, फिकट कोरलाइट (पॉलिपचा सांगाड्यातला कप) असतो, तिथपर्यंत मोजायचं. टोक पांढरट आणि गुळगुळीत दिसतंय, मागे रंग चढतोय, म्हणजे वाढ चालू आहे. थरासारख्या पसरणाऱ्या मोंटिपोराची लांबी घेण्यात अर्थ नाही, त्याचं क्षेत्रफळ काढावं. इमेजजे हे मोफत सॉफ्टवेअर फोटोतली पट्टी प्रमाण धरून ते काढून देतं.

पायरी २: पाण्याखालचं वजन

प्रवाळ बाहेर काढून काट्यावर ठेवलं तर त्याला लागलेलं पाणी, चिकटा आणि मऊ मांस सगळंच मोजलं जातं, वर प्रवाळाला ताण. संशोधक म्हणूनच ते पाण्यात लटकवून तोलतात. मांसाची घनता समुद्राच्या पाण्याच्या जवळपास असल्याने पाण्यात त्याचं वजन नगण्य होतं आणि काट्यावर उरतो जवळजवळ फक्त सांगाडा.

घरी हे असं करता येतं. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा, खाली हुक असलेला डिजिटल काटा घ्या. हुक नसेल तर काट्यावर चौकट ठेवून तिला दोरा बांधा. बारीक नायलॉनचा दोरा, खाली छोटा आकडा. टबात टाकीचंच पाणी, खारटपणा ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग), तापमान टाकीइतकं. प्रवाळ पूर्ण बुडलं पाहिजे, कुठे टेकता कामा नये आणि अंगावर बुडबुडा राहता कामा नये. काटा स्थिर व्हायला वेळ लागतो, घाई करू नका. दर वेळी आधी स्टीलचा एक ठरलेला नटबोल्ट तसाच तोलून बघा. त्याचं वजन बदललं तर काटा किंवा पाण्याचा खारटपणा बदललाय, प्रवाळ नाही.

रिकाम्या प्लगचं पाण्याखालचं वजन तुकडा चिकटवण्याआधीच घेऊन ठेवायचं, तेही प्लग रात्रभर टाकीच्या पाण्यात भिजवून. सिरॅमिकच्या छिद्रांत हवा अडकलेली असते आणि ती हळूहळू निघते. गोंद वापरणार असाल तर वाळलेल्या गोंदासकट प्लग तोललेला बरा. पुढे प्लगवर कोरलाइन शेवाळ (चुन्याचा कडक थर करणारं शेवाळ) चढलं तर वजनाआधी ते खरवडून काढा.

आता हिशेब. सांगाडा अॅरागोनाइटचा (कॅल्शियम कार्बोनेटच्या एका रूपाचा), घनता सुमारे २.९३ ग्रॅम प्रति घनसेंटीमीटर. समुद्राच्या पाण्यात त्याचं वजन खऱ्या वजनाच्या साधारण ६५ टक्केच भरतं, म्हणून पाण्याखालच्या वजनाला १.५४ ने गुणायचं. समजा रिकामा प्लग ६.२० ग्रॅम, तुकड्यासकट ८.८० ग्रॅम. फरक २.६०, म्हणजे सांगाडा ४ ग्रॅम. तीस दिवसांनी काटा ९.४५ दाखवतो. फरक ३.२५, सांगाडा ५ ग्रॅम.

एक ग्रॅमच वाढला म्हणून नाराज होऊ नका. ही चक्रवाढ आहे: जितका पृष्ठभाग जास्त तितका पुढचा थर मोठा. चाराचे पाच म्हणजे रोजची वाढ सुमारे ०.७४ टक्के, आणि हाच वेग टिकला तर तीन महिन्यांच्या आसपास सांगाडा दुप्पट होतो. दोन प्रवाळांची तुलना या टक्केवारीवरच करावी. छोटा तुकडा आणि मोठी वसाहत यांचे ग्रॅम शेजारी ठेवले की वसाहतच जिंकणार.

वजन आणि लांबी दोन्ही हाताशी असली की आणखी एक गोष्ट कळते. फांद्या भराभर लांबताहेत पण वजन मागे पडतंय, तर सांगाडा बारीक आणि ठिसूळ होतोय. कमी उजेडात प्रवाळ असं ताणलं जाताना दिसतं. असा तुकडा हाताळताना जपा, चटकन मोडतो.

पायरी ३: अल्कलिनिटीचा खप

हे टाकीचं वीजमीटर समजा. प्रवाळ पाण्यातून कॅल्शियम आणि बायकार्बोनेट घेऊन कॅल्शियम कार्बोनेट बांधतं, त्यामुळे पाण्यातली अल्कलिनिटी उतरते. अल्कलिनिटी डीकेएच या एककात मोजतात. एक लिटर पाण्यात १ डीकेएच उतरला म्हणजे सुमारे १७.९ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट तयार झालं.

डोसिंग बंद ठेवून, पाणी न बदलता, आज आणि परवा एकाच वेळी तपासणी करा. टाकीत खरं पाणी २०० लिटर आहे (दगड आणि वाळूने अडवलेली जागा वजा करून, संपचं, म्हणजे खालच्या फिल्टर-टाकीचं पाणी धरून) आणि अल्कलिनिटी ८.२ वरून ७.२ वर आली, तर रोजचा खप ०.५ डीकेएच. म्हणजे ०.५ गुणिले १७.९ गुणिले २००, सुमारे १.८ ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट रोज. खप मोठा असेल तर दोन दिवस थांबू नका, एका दिवसाचा फरक पुरे.

कॅल्शियमची तपासणी करून हेच का काढू नये? कारण त्याच दिवसात कॅल्शियम उतरतं फक्त ३.६ मिलिग्रॅम प्रतिलिटर, आणि तेही ४२० च्या आसपासच्या आकड्यातून. घरगुती किटला एवढा फरक धड दिसतच नाही. कॅल्शियम आठवड्याने बघितलं तरी चालतं.

हा सगळा खप प्रवाळाचाच असतो असं मात्र नाही. कोरलाइन शेवाळ, गोगलगायी, हीटरवर आणि पंपाच्या रोटरवर जमणारी पांढरी खपली, सगळ्यांचा त्यात वाटा. त्यामुळे एका दिवसाच्या आकड्यापेक्षा त्याची चाल बघायची. वसाहती मोठ्या होत जातात तसा खप हळूहळू चढला पाहिजे. रोज ०.८ खाणारी टाकी एका आठवड्यात ०.३ वर आली, तर प्रवाळांनी बांधकाम थांबवलंय, मग ती वरून कितीही रंगीत दिसोत. डोस तोच चालू ठेवलात तर अल्कलिनिटी आता चढत जाईल, म्हणून आधी डोस कमी करा. मग तापमान, लाइटचा टायमर, खारटपणा, फॉस्फेट आणि अॅक्रोपोरा खाणारे चपटे किडे या क्रमाने शोध घ्या.

वाढ खरंच कमी असेल तर

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि महिनाभर थांबा. पाच गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने फरक पडला ते कधीच कळणार नाही.

सर्वांत मोठा हात उजेडाचा. प्रवाळांचे संशोधक थॉमस गोरो यांनी १९५० च्या दशकात जमैकात किरणोत्सारी कॅल्शियम वापरून प्रवाळाची वाढ मोजली होती. नंतरच्या प्रयोगांची सरासरी सांगते की उजेडात सांगाडा अंधारापेक्षा साधारण तिप्पट वेगाने बनतो. अॅक्रोपोराला २०० ते ४०० पार (प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी उजेडाचं माप) चालतो, पण पारचा मीटर भाड्याने किंवा मित्राकडून मिळाला तर मोजूनच ठरवा, आणि वाढवायचा तर आठवड्याला थोडा थोडा.

अल्कलिनिटी ७ ते ९ डीकेएचच्या दरम्यान कुठेही ठेवा, पण तिथेच ठेवा. माझं मत विचाराल तर ११ वर नेऊन वेग मिळवण्याच्या भानगडीत पडू नये. पाण्यात नायट्रेट-फॉस्फेट नगण्य असताना अल्कलिनिटी चढवली की अॅक्रोपोराची टोकं जळतात. फॉस्फेट उलट टोकाला गेलं तरी नुकसानच. ग्रेट बॅरियर रीफवरच्या वन ट्री आयलंडला पाण्यात मुद्दाम फॉस्फेट आणि नायट्रोजन सोडून केलेल्या प्रयोगात, जो १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला, रीफचं कॅल्सिफिकेशन (कॅल्शियम कार्बोनेट बांधणं) निम्म्याहून अधिक घटलं. घरी फॉस्फेट ०.०३ ते ०.१ मिलिग्रॅम प्रतिलिटर ठीक.

पीएचकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. बंद खोलीत माणसांच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साचतो आणि पीएच ७.८ वर रेंगाळतो. स्किमरची (हवेच्या बुडबुड्यांनी घाण काढणाऱ्या यंत्राची) हवेची नळी खिडकीबाहेर काढली किंवा रात्री कॅल्कवासर (चुन्याची निवळी) थेंबथेंब सोडलं तर तो वर येतो आणि बहुतेक टाक्यांत अल्कलिनिटीचा खपही वाढतो. डोस त्या हिशेबाने वाढवायला विसरू नका.

वसाहत शेजाऱ्याला टेकायला आली की छाटायची. छाटलेला तुकडा नव्या, आधीच तोललेल्या प्लगवर लावा, मूळ वसाहतीचं त्याच दिवशी पुन्हा वजन घ्या आणि दोघांची पानं वहीत वेगळी करा.