बोअर मारण्याआधी

पाणाड्याला, म्हणजे जमिनीखालचं पाणी कुठे आहे ते सांगणाऱ्याला, नारळ देण्याआधी आसपासच्या पाच-सहा विहिरी पाहून या. पाणी कितव्या फुटाला लागलं, मे महिन्यात किती उरतं, हे मी वहीत लिहून घेतलं होतं. आपल्या दख्खनच्या बेसाल्टमध्ये पाणी मिळतं ते मुरमात, मांजऱ्या (छिद्रांच्या) खडकात नि भेगांत. अखंड काळा पाषाण लागला की खोलीबरोबर बहुधा बिलच वाढतं. शिवाय महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्याने शेतीसाठी ६० मीटरपेक्षा खोल जायला मनाई आहे.

बोअरच्या गाडीवाल्याला फुटाचा दर विचाराल तेव्हा केसिंगचा, म्हणजे बोअरची माती ढासळू नये म्हणून आत घालायच्या पाइपचा, वेगळा विचारा. केसिंग कठीण खडकात रुतेपर्यंत घालाच. पहिल्या बोअरला मी वीस फूट वाचवले. पावसाळ्यात मुरूम ढासळला आणि मोटार आत अडकली, ती आजही तिथेच आहे.

गाडी वळायला जागा आहे ना, वरून विजेच्या तारा जात नाहीत ना, हे आदल्या दिवशी बघा.

बोअरमधून निघणारा दर दहा फुटांचा चुरा ओळीने मांडा. रंग बदलला, ओल आली की फूट लिहा. मोटार किती खाली सोडायची ते त्यावरून ठरतं.

आणि काम अर्धवट थांबलं तरी तोंडाला घट्ट झाकण बसवल्याशिवाय घरी जाऊ नका. शेतात लेकरं फिरत असतात.