बोर्ड गेम रचणाऱ्याचा दिवस कसा आखावा

बोर्ड गेम रचणारा माणूस दिवसभर खेळत बसतो, असा बहुतेकांचा समज असतो. खेळतात ते दुसरेच. आपण त्यांच्या बाजूला वही घेऊन बसतो. उरलेला वेळ पुठ्ठे कापण्यात, आकडे बदलण्यात, तोच नियम पुन्हा लिहिण्यात आणि प्रकाशकांना ईमेल पाठवण्यात जातो. कल्पना सुचायला फारसा वेळ लागत नाही. ती चालते की नाही हे पाहण्यात महिने जातात, आणि दिवस आखायचा तो त्यासाठी.

यासाठी नोकरी सोडायची घाई करू नये. ‘कॅटन’ हा बोर्ड गेम १९९५ साली आला आणि जर्मनीतला ‘श्पील देस यारेस’, म्हणजे त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळ, हा पुरस्कार त्याला मिळाला. तरी त्याचा कर्ता क्लाउस टॉयबर पुढची काही वर्षं दंततंत्रज्ञाचं आपलं काम करतच होता.

१. डोकं ताजं असताना आकड्यांचं काम उरका

स्प्रेडशीट उघडा. दोन फासे टाकले तर ३६ शक्यता असतात. त्यात ७ सहा प्रकारे पडतात, ६ आणि ८ प्रत्येकी पाच प्रकारे, तर २ आणि १२ एकेकच प्रकारे. ‘कॅटन’च्या पटावर जागांवर फाशांचे आकडे असतात, त्यात ६ आणि ८ लाल छापलेत ते म्हणूनच: चांगली जागा कुठली, हे नवख्यालाही पटकन दिसावं.

तुमच्या खेळात फासे नसतील तर कार्डांचा हिशेब करा. एका चालीत किती मिळतं, किती खर्च होतं, सगळ्यात महाग वस्तू घ्यायला किती चाली लागतात? ‘स्क्रॅबल’ रचणारे आल्फ्रेड बट्स पेशाने वास्तुविशारद होते. वर्तमानपत्राच्या पानावर कुठलं अक्षर किती वेळा येतं ते त्यांनी मोजलं आणि त्यावरून सोंगट्यांची संख्या ठरवली. इंग्रजी संचातल्या शंभर सोंगट्यांत ‘ई’ बारा आहेत आणि ‘क्यू’ एकच. ‘एस’ मात्र मुद्दाम चारच ठेवलेत, नाहीतर कुठल्याही शब्दाचं अनेकवचन करून लोक गुण लाटत बसले असते. मोजणीतून आकडा मिळतो, पण त्यात फेरफार कुठे करायचा ते आपणच ठरवायचं असतं.

२. नमुना कुरूपच ठेवा

ए-४ कागदावर ६३ × ८८ मिलिमीटरची नऊ कार्डं बसतात. पेन्सिलीने लिहा, कापा, प्लॅस्टिकच्या पाकिटात घाला आणि मागे आधाराला जुना पत्ता सरकवा. नियम बदलला की फक्त चिठ्ठी बदलायची. सोंगट्या, फासे, टोकन जुन्या खेळांतून उचलावेत.

चित्रं काढू नका. सुंदर कार्ड काढून टाकायला आपल्यालाच जीव होत नाही, आणि ते वाईट आहे असं म्हणायला समोरचाही कचरतो. प्रत्येक कार्डावर आवृत्तीचा क्रमांक मात्र घाला. जुनी-नवी कार्डं मिसळली की अख्खी चाचणी वाया जाते.

३. आधी एकट्याने चारही खुर्च्या खेळा

हे कंटाळवाणं आहे, पण टाळता येत नाही. एक खेळाडू हावरा, एक सावध, एक फक्त दुसऱ्यांच्या वाटेत येणारा आणि एक सारखी एकच चाल करणारा, असे चौघे धरा. चौथा जर वारंवार जिंकत असेल तर खेळ अजून लोकांसमोर न्यायच्या लायकीचा नाही. डाव संपेपर्यंत खेळायचीही गरज नाही. बिघाड दिसला की डाव मोडा, दुरुस्त करा, पुन्हा मांडा.

४. दुसऱ्यांना खेळवा आणि गप्प बसा

दिवसातलं खरं काम हेच, आणि जमायला सगळ्यात अवघडही हेच. खेळाडू चुकीची चाल करत असतो, आपल्याला उत्तर माहीत असतं, तरी बोलायचं नाही. तो का चुकतोय, हेच तर पाहायचं असतं.

वहीत काय टिपावं? कुणी फोन कधी हातात घेतला. कुठला नियम दोनदा विचारला गेला. आपण आता जिंकत नाही, हे एखाद्याला केव्हा कळलं आणि त्यानंतर त्याला किती वेळ नुसतं बसून राहावं लागलं. कोण हसलं, कोण उठून उभं राहिलं. चौघांच्या डावात प्रत्येकाची चाल तीन मिनिटांची असेल, तर दोन चालींमध्ये माणूस नऊ मिनिटं रिकामा बसतो. हे गणित कागदावर कुणाला खटकत नाही, टेबलाशी लगेच जाणवतं.

डाव झाल्यावर ‘आवडला का?’ असं विचारू नका. त्याला एकच उत्तर मिळतं. ‘कुठे काय करावं ते सुचेना?’, ‘कुठली चाल सक्तीची वाटली?’ असं विचारा. निर्णयाला वाव आहे का, हे त्यातून कळतं. सापशिडीत तो अजिबात नसतो, म्हणून लहान मुलं ती आनंदाने खेळतात आणि मोठ्यांना जांभया येतात. लोक उपायही सुचवतील: आणखी एक फासा घाला, पैसे दुप्पट करा. त्यांची तक्रार नेहमी खरी मानावी, पण उपायाकडे संशयाने पाहावं. ‘पैसे कमी पडतात’ म्हणणाऱ्याला खरं तर ते खर्च करायला काही चांगलं मिळत नसतं.

घरच्यांची चाचणी सुरुवातीला बरी. पुढे ओळख नसलेले लोक लागतात, आणि शेवटी तर आपण तिथे नसलेलंच चांगलं: खोका आणि नियमपुस्तिका द्यायची, बाकी त्यांचं त्यांनी समजून घ्यायचं.

दोन चाचण्यांमध्ये शक्यतो एकच बदल करा. तीन केले आणि खेळ सुधारला, तर कशामुळे सुधारला ते कधीच कळत नाही.

५. त्याच संध्याकाळी नियम लिहा

विसरण्याआधी. क्रम साधा ठेवावा: जिंकायचं कसं, पट मांडायचा कसा, एका चालीत काय करायचं, डाव कधी संपतो, बरोबरी झाली तर काय. एका वस्तूला सगळीकडे एकच नाव द्या; पहिल्या पानावर ‘नाणं’ आणि तिसऱ्यावर ‘टोकन’ म्हटलंत की वाचणारा दोन वस्तू शोधतो. ‘कार्ड घेता येईल’ आणि ‘कार्ड घ्यावंच लागेल’ यांत अख्खा खेळ बदलतो, तेव्हा क्रियापदं तपासून घ्या. नियम समजावायला तीन अपवाद लिहावे लागत असतील तर पुस्तिकेत दोष नाही, खेळात आहे.

६. प्रकाशकांसाठी आठवड्यातला एक दिवस राखा

रोज ईमेल पाहत बसू नये. एका पानावर खेळाडूंची संख्या, वय, वेळ, खोक्यात काय काय आहे आणि यात नवं काय, एवढं लिहा. नवं काय, हे दोन ओळींत सांगता येत नसेल तर इतक्यात पाठवू नका. जर्मनीत एस्सेनला दर ऑक्टोबरात मोठा खेळमेळा भरतो. तिथे प्रकाशकांना भेटायचं तर वेळ आधीच ठरवावी लागते. उत्तर यायला महिने लागतात, म्हणून एकाच वेळी दोन-तीन खेळ हातात असलेले बरे.

कल्पना चोरीला जाईल या भीतीने नमुना लपवून ठेवणारे बरेच असतात. माझ्या मते ती भीती वाजवीपेक्षा जास्त आहे. खेळ चालायचा तर तो शेकडो हातांतून जावाच लागतो. कॉपीराइटने नियमपुस्तिकेचे शब्द आणि चित्रं राखली जातात, मूळ कल्पना नाही.

काळजी करायची तर ती कराराची. एलिझाबेथ मॅगी यांनी ‘लँडलॉर्ड्स गेम’चं पेटंट १९०४ मध्ये मिळवलं. त्यातूनच पुढे ‘मोनोपॉली’ आकाराला आला. पार्कर ब्रदर्स या खेळ काढणाऱ्या कंपनीने मॅगींकडून हक्क ५०० डॉलरला घेतले, रॉयल्टी ठरली नाही आणि खोक्यावर नावही आलं नाही. १९८८ साली न्युरेंबर्गच्या खेळणी मेळ्यात काही खेळकर्त्यांनी बिअरच्या ग्लासाखालच्या पुठ्ठ्यावर लिहून सह्या केल्या: खोक्यावर नाव नसेल तर खेळ देणार नाही. आज बहुतेक चांगल्या खोक्यांवर नाव असतं.

रॉयल्टी सहसा प्रकाशकाच्या हाती येणाऱ्या रकमेवर मोजतात, दुकानातल्या किमतीवर नाही. टक्केवारी पाहताना ती कशावर मोजली आहे, हे आधी विचारा. आणि छपाई ठरावीक काळ बंद राहिली तर हक्क आपोआप आपल्याकडे परत येतील, असं कलम करारात नसेल तर सही करण्याआधी घालून घ्या.