व्हिडिओ चष्मा, व्हीआर हेडसेट पहिल्यांदा लावताय? या चुका टाळा

ओळखीतल्या बऱ्याच जणांना मी व्हिडिओ चष्मा नाहीतर व्हीआर हेडसेट (डोळे पूर्ण झाकून आभासी जग दाखवणारा, डोक्यावर बांधायचा पडदा) लावून दिला आहे. चुका त्याच त्या होतात, आणि बोल मात्र वस्तूला लागतो.

पहिली चूक खरेदीच्या आधीच होते. फोनला टाइप-सी पोर्ट आहे, म्हणजे चष्मा चालणारच, असं लोक धरून चालतात. एक्सरियल, रोकिड या कंपन्यांचे वायरवाले चष्मे म्हणजे डोळ्यांपुढचा मॉनिटर. चित्र आणि वीज दोन्ही फोनकडून येतं. त्यासाठी फोनमध्ये 'डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड', म्हणजे टाइप-सीमधून चित्र बाहेर पाठवायची सोय लागते, आणि ती स्वस्तातल्या बहुतेक फोनमध्ये नसते. सॅमसंगच्या एस मालिकेत ती २०१७ च्या एस८ पासून आहे, आयफोनमध्ये २०२३ च्या १५ पासून. आधी फोनची माहिती वाचा, मग पैसे मोजा. आणि खोक्यातली केबलच वापरा. चार्जरच्या साध्या केबलमधून चित्र जात नाही.

आता ऊन. याबद्दल मी सगळ्यांच्या मागे लागतो, कारण हे नुकसान भरून येत नाही. मे महिन्यात शेजारच्या मुलाने नवाकोरा हेडसेट गॅलरीतल्या खुर्चीवर ठेवला, भिंगं आकाशाकडे करून, आणि पन्हं प्यायला आत गेला. सकाळचे साडेदहा वाजले होते. परत येऊन लावतो तर डाव्या डोळ्यापुढे मोहरीएवढा पिवळट डाग. मी भिंग पुसलं, हेडसेट बंद करून चालू केला, पण डाग हलेना. तो भिंगावर नव्हताच, आतल्या पडद्यावर होता. भिंगाने कागद जाळायचा खेळ आपण सगळ्यांनी खेळलाय. इथे कागदाच्या जागी पडदा होता. हे वॉरंटीत बसत नाही, असं उत्तर आलं. पोराचा चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे. तेव्हापासून माझ्याकडे उशीचा एक जुना अभ्रा याच कामाला आहे. हेडसेट डोक्यावरून उतरला की आधी अभ्र्यात, मग पाणी, मग गप्पा. खिडकीजवळ, गाडीच्या डॅशबोर्डवर तर कधीच ठेवू नका.

"अंधुक दिसतंय" ही दुसरी नेहमीची तक्रार. लोक लगेच सेटिंग उघडतात. आधी हेडसेट गालांवर वरखाली सरकवून बघा, अर्धी कामं तिथेच होतात. मग डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर, हेडसेटची भिंगं त्याला जुळवावी लागतात. मोठ्या माणसांत ते सरासरी ६३ मिलिमीटर असतं, पण माणसागणिक बदलतं. मेटा कंपनीच्या क्वेस्ट २ या हेडसेटमध्ये त्याचे तीनच टप्पे होते: ५८, ६३ आणि ६८. आरशासमोर पट्टी धरून मोजा, अंदाजाने ठेवू नका.

आमच्या काकूंनी चाळीशी लावून बघायला घेतलं. पडदा डोळ्यांजवळ, म्हणून जवळचा चष्मा, असा त्यांचा हिशेब. पण भिंगांमुळे चित्र काही फूट लांब असल्यासारखं दिसतं, त्यामुळे नंबर लागतो तो लांबचा. त्यांना लांबचा नंबर नव्हता. चाळीशी काढली आणि त्या खालची अक्षरं मोठ्याने वाचायला लागल्या. लांबचा नंबर असेल तर त्या नंबरची भिंगं बसवून घ्या. चष्मा तसाच आत कोंबला तर दोन्हीकडच्या काचांवर चरे पडतात.

भिंगं मऊ कोरड्या मायक्रोफायबरनेच पुसा. सॅनिटायझर नको, शर्टाचं टोकही नको.

हेडसेटवर पहिल्याच दिवशी रोलरकोस्टर लावणाऱ्यांना मी स्पष्ट नाही म्हणतो. डोळे सांगतात आपण पळतोय, कानातला तोल सांगतो आपण बसलोय, आणि पोटात ढवळायला लागतं. "सवय होईल" म्हणून रेटणारे महिनाभर हेडसेटला हात लावत नाहीत. पहिले तीन-चार दिवस बसून, दहा-दहा मिनिटं, आणि खेळात आपल्याला जागेवरून हलावं लागत नाही असेच खेळ. मळमळ जाणवली की त्याच क्षणी काढा. मी समोर टेबलफॅन लावतो. तोंडावर वारा लागला की बरं वाटतं, आणि आपलं तोंड खोलीत कुठल्या बाजूला आहे तेही कळत राहतं.